वरच्या मजल्यावरचा फोम

"काकू, तू गोटीला मारतेस का?"

विचारून टाकलं. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, सगळं घर जेवायला बसलेलं असताना.

प्रश्न माझा नव्हता, मैत्रिणींचा होता. गोटीच्या हनुवटीवरचे टाके, कपाळावरचं टेंगूळ आणि त्याआधीचा फुटलेला ओठ, सगळं त्यांनी आमच्या फाटकातून बघून ठेवलं होतं. "तुझी काकू मारकुटी आहे," एक म्हणाली. मी म्हटलं, वेडी आहेस का, गोटी पडते. "चार वर्षांची पोर रोज पडते? धडधाकट पोर? मग काकूला विचार ना. सगळ्यांसमोर. आहे हिंमत?" आता, यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून मला हिंमत आहे का असं विचारणं म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं. शिवाय खरं काय ते मी त्यांना सांगू शकत नव्हते. गोटीला काय होतं ते फाटकाबाहेर जाता कामा नये, असा आजोबांचा हुकूम होता. मग म्हटलं, बाहेर काय बोलतात ते तरी फाटकाच्या आत येऊ दे.

टेबलावरचं पाणी हिंदकळलं. तसं ते आमच्याकडे नेहमीच हिंदकळतं. वरच्या मजल्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड फोम अंथरलाय, वरून रेक्झिनचे तुकडे जोडलेत, निळे, मरून, एका कोपऱ्यात तर चक्क वाघाच्या पट्ट्यांचे. टेबलाचे पाय त्यात रुतलेले. कुणी रागानं कोपर टेकलं की समोरच्याचा पेला कलंडतो. या वेळी कोपर बाबांचं होतं.

"भोंग्या! ऊठ ताटावरून!"

भोंगा म्हणजे मी. आवाजावरून पडलेलं नाव.

"ती कशाला उठेल?" काकूनं डाव भांड्यात ठेवला. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "कोण म्हणतं गं असं?"

"माझ्या वर्गातल्या मुली. आणि बहुतेक त्यांच्या आयासुद्धा."

"ऐकलंत, अण्णा?" काकू आजोबांकडे वळली. "औषधाच्या दुकानातली बाई माझ्या हातांकडे बघत असते, मला वाटायचं बांगड्या बघते. परवा बालवाडीच्या बाईंनी गोटीला बाजूला घेऊन विचारलं, आई चिडली की काय करते? आणि आमचं रत्न काय म्हणालं असेल? म्हणे, आई मशीन चालवते."

मला हसू फुटलं. काकू चिडली की खरंच खाली जाऊन शिलाई मशीनवर बसते आणि सोफ्याची कव्हरं अशी दामटते की कारागीर गप्प होतात.

"हसू नकोस. आता त्यांना वाटतंय, मी पोरीला मशीननं मारते."

"लोक काय, बोलतात आणि गप्प बसतात," आजोबा म्हणाले. त्यांनी ताट पुढे सरकवलं, म्हणजे आता निकाल यायचा होता. "पोर सुधारतेय, ते बघा. त्यासाठीच सगळ्यांना एकत्र बसवलंय. उद्या तिला इस्पितळात दाखल करायचं नाही. डोक्याला वायरी लावून तिथे ठेवायची गरज उरलेली नाही. मी ठरवलंय."

काकूचा चेहरा असा झाला की मी माझा प्रश्नच विसरून गेले.

*

आजोबांची बाजू मला आधी सांगायला हवी, कारण पुढे मी त्यांना सगळ्यांसमोर तोंडावर बोलणार आहे.

आमचा कारखाना खाली, घर वर. कारखाना म्हणजे सोफे, खुर्च्या, गाद्या. आजोबा आयुष्यभर फोम कापत आले. डोळे मिटून बोट दाबलं तरी कुठला फोम किती दाट ते सांगतात. गोटी मागच्या वर्षी पडायला लागली तेव्हा ते खाली सोफ्यांचे पट्टे ताणत बसलेले असायचे आणि वरून आवाज यायचा. धप्प. खेळणी पडल्याचा आवाज वेगळा, पोर पडल्याचा वेगळा. कारागिरांचे हात थांबायचे, सगळे छताकडे बघायचे. आजोबांच्या हातातला पट्टा प्रत्येक वेळी सुटायचा, असं त्यांनी एकदा माझ्याजवळ कबूल केलंय. आजोबा असं कुणाजवळ बोलत नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा अपस्मारच आहे. हातपाय झाडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून फसू नका. क्षणभर अंगातला सगळा जोर निघून जातो आणि पोर उभ्याची खाली येते. हात पुढे करायलासुद्धा वेळ मिळत नाही, म्हणून मार तोंडावर बसतो. डोक्याला शिरस्त्राण घाला, औषधं चुकवू नका, आणि किती पडते त्यावर लक्ष ठेवा, कारण त्यावरच औषध ठरेल.

शिरस्त्राण आजोबांना पटलं नाही. ते घालून पोर बाहेर गेली की चारचौघं विचारणार. त्यापेक्षा जमीनच मऊ करू, ते आपल्या हातात आहे. त्यांनी कारागिरांना हात लावू दिला नाही. गुडघे दुखत असताना स्वतः रांगत सगळा मजला मढवला, दारांच्या चौकटी, पलंगाचे कोपरे, बेसिनची कड, सगळं. न्हाणीघर आणि जिना तेवढा राहिला. हनुवटीचे टाके न्हाणीघरातले, टेंगूळ जिन्यातलं; तिथे ती घसरली, असं आजोबांनी धरलं.

आणि आवाज बंद झाला. खाली पट्टे ताणताना वरून काहीच येईना. "मालक, पोर बरी झाली," कारागीर म्हणाले. आजोबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

*

"तुम्ही ठरवलंत," काकू म्हणाली. "तिची आई इथे बसलीये, आणि तुम्ही ठरवलंत."

"अगं, डॉक्टरसुद्धा म्हणाले ना, सुधारणा आहे," बाबा मध्ये पडले.

"डॉक्टर म्हणाले नाहीत, दादा. डॉक्टरांना सांगितलं गेलं." काकूनं काकाकडे पाहिलं. "सांग की. मी मोठ्या ऑर्डरच्या कव्हरांत अडकले होते, तू एकटा गेलास. काय सांगितलंस?"

काका ताटातल्या घासाशी खेळत बसला. आमचा काका सोफा उचलायला दोन माणसांना भारी आहे, पण गोटीची मान कलली की डोळे मिटतो. अगदी गच्च. मी पाहिलंय. पाहवत नाही म्हणतो. आता ज्यानं बघितलंच नाही तो डॉक्टरांना काय सांगणार?

"म्हटलं, खूप कमी झालंय," तो पुटपुटला.

"मग डॉक्टर म्हणाले, छान, नवीन औषध सुरू करायची घाई नको. झालं! मला कळल्यावर मी फोन केला, हात जोडले, तेव्हा त्यांनी उद्याची जागा दिली. आणि आज म्हणे रद्द."

"कमी झालंय ते झालंय!" आजोबांनी टेबलावर हात मारला, आजीचा पेला आडवा झाला. "मी दिवसभर तिच्या खाली बसलेला असतो. माझे कान शाबूत आहेत. महिनोन्‌महिने एक आवाज नाही!"

"अण्णा, मी वर असते तेव्हा—"

"तू आई आहेस, तुला सावलीसुद्धा पडलेली दिसते."

इथे खरं तर काकूनं पातेलं फेकायला हवं होतं. मी तिच्या जागी असते तर फेकलं असतं. ती उभी राहिली, बोलायला लागली, मग बाबा बोलायला लागले, मग काका "अरे जरा हळू" म्हणून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडला, आणि एकाच वेळी चार माणसं भांडू लागली.

गोटी आधीच जेवली होती. ती पलीकडे वाघाच्या पट्ट्यांवर बसली होती. तिच्यापुढे सोफ्याच्या बटणांचा डबा. लाल बटणं एकीकडे, बाकीची सगळी दुसरीकडे. तिच्या लेखी जगात दोनच रंग आहेत. एक लाल बटण घरंगळलं. ती ते आणायला उठली. फोमवर ती होडीत चालल्यासारखी चालते, झोके घेत.

मी बघत होते. म्हणजे मुद्दाम नाही, भांडणाचा कंटाळा आला होता म्हणून.

तिची मान पुढे झुकली. गुडघे गेले. वरून कुणी दोरी सोडावी तशी ती सरळ खाली आली, तोंडावर, हात दोन्ही बाजूंना तसेच. आणि आवाज नाही. अजिबात नाही. उशीवर उशी पडावी तसं. मग तिनं मान उचलली, इकडेतिकडे पाहिलं, बटण कुठे गेलं ते शोधलं आणि पुन्हा बसली.

टेबलावर कुणी मान वळवली नव्हती. भांडण एका शब्दानंही थांबलं नव्हतं. तिच्यावरूनच तर चाललं होतं!

"पडली," मी म्हटलं. कुणी ऐकेना. मग मी माझा खरा आवाज काढला. "पडली!!"

"कोण?"

"गोटी. आत्ता. तुम्ही बोलत होतात तेव्हा."

आजोबा रागानं माझ्याकडे वळले. "आवाज कुठे आला?"

आजोबांचं तोंड उघडंच होतं. त्यांचंच वाक्य त्यांच्या कानात उशिरा पोचलं असावं. त्यांनी टेबलाखाली पाय हलवून फोम दाबून बघितला.

"आवाज येणारच नाही, आजोबा," मी म्हटलं. मला थांबायला हवं होतं, पण मी थांबणाऱ्यातली नाही. "तुम्ही एवढा चांगला फोम घातलाय की आम्हाला कुणालाच कळत नाही. ती पडायची थांबली नाही. आपण ऐकायचं थांबलो."

"भोंग्या, पुरे," आई म्हणाली.

"पुरे कसं?" काकू खुर्ची ओढून भिंतीला टेकवून बसली. "सगळे बसा. कुणी एक अक्षर बोलायचं नाही. कान ठेवा बाजूला आणि नुसतं बघा तिच्याकडे. तू पण," ती काकाला म्हणाली. "आज डोळे मिटलेस तर मी गोटीला घेऊन कायमची जाईन, देवाशपथ."

आमच्या घरात पहिल्यांदा सगळी माणसं जागी असून गप्प होती. ताटातलं गार होत गेलं. गोटीला वाटलं हा काही खेळ आहे, ती आमच्याकडे बघून हसली आणि लाल बटणं मोजू लागली, दोनवरून एकदम सातवर.

मग नुसतीच मान झुकली, हनुवटी छातीला टेकली आणि लगेच वर आली. काकू कुजबुजली, "हेही तेच." आजीनं पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं गोटी उठली आणि पडली. बाजूवर. उठली, डबा उचलून आमच्याकडे यायला निघाली आणि अर्ध्या वाटेत पुन्हा, या वेळी बटणांसकट. बटणं सगळीकडे उडाली. तीसुद्धा आवाज न करता.

काका बघत होता. डोळे उघडे, त्यांतून पाणी वाहतंय, पण उघडे. त्याच्या मनात काय चाललं होतं ते तो मागाहून बोलला: त्याला वाटत होतं, आपण बघितलं नाही तर ते घडलेलं नसतं. इतका मोठा माणूस, आणि तीन वर्षांच्या पोरासारखा विचार.

आजोबा खुर्चीवरून खाली उतरले. गुडघ्यांवर. गोटीपर्यंत रांगत गेले आणि तिला मांडीवर घेतलं.

"डॉक्टरला तू काय सांगून आलास?" ते काकाकडे न बघता ओरडले. "काय सांगून आलास रे?"

"तुम्ही सांगितलंत तेच, अण्णा."

*

मला वाटलं, संपलं. काकू जिंकली, उद्या इस्पितळ, आता कुणीतरी ताटं उचलेल. आजीचा मला विसरच पडला होता.

आजी भांडणात कधी बोलत नाही. सगळ्यांचं बोलून झालं की बोलते, म्हणून तिचंच शेवटी खरं होतं.

"पोर पडते, ते दिसलं," ती म्हणाली. "उपचार करा, नको कोण म्हणतंय? पण त्या इस्पितळात नको. तिथल्या सगळ्या खुर्च्या आपण केल्यात. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून सगळे ओळखतात. पोर चार दिवस डोक्याला वायरी लावून पडली की बाहेर कळायला किती वेळ? लांब कुठेतरी न्या. नंतर. सावकाश."

"नंतर म्हणजे कधी, माई?" काकूनं विचारलं.

"हिचं मार्गी लागलं की." आणि आजीनं माझ्याकडे बोट केलं.

मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"माझं काय मार्गी लागायचंय?"

"आज नाही, पण उद्या तुला बघायला येतील. एकाच घरातल्या बहिणी तुम्ही. घरात कुणाला फिट येते म्हटलं की आलेला माणूस चहासुद्धा घेत नाही."

मी दहावीत आहे! मला अजून भूमितीतलं वर्तुळ मार्गी लावता आलेलं नाही. मी बाबांकडे बघितलं, म्हटलं, आता हे हसतील. पण बाबा ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"माई अगदीच चुकीचं बोलत नाहीये," ते म्हणाले. "मला मुलीचाही विचार करायला हवा. जरा थांबलं तर काय बिघडेल? फोम तर आहेच."

इतका वेळ त्यांचा प्रत्येक शब्द मी खपवून घेतला होता. हा नाही. फोम तर आहेच! आत्ता समोर पडली ती! मला बाबा आवडतात, माझं भाषण ऐकायला पहिल्या रांगेत बसतात, आणि तेच बाबा मला पुढे करून, माझ्या आडून, गोटीला थांब म्हणत होते. म्हणजे वर्षभर हे तोंड शिवणं, हे शिरस्त्राण नाही, हे काकूच्या अंगावर मारकुटीचा आळ येऊ देणं, सगळं माझ्यासाठी चाललं होतं? मला न विचारता?

काकू माझ्या आईकडे बघत होती. "ताई, तुम्ही तरी बोला."

आईनं ताटं गोळा करायला घेतली. आईला वाद नको असला की ती ताटं गोळा करते. "उद्या बोलू," ती म्हणाली.

"उद्या सकाळी मी गोटीला घेऊन निघालेली असेन." काकू उठली, आजोबांच्या मांडीवरून गोटीला घेतलं. "कुणी येवो न येवो. पण एक सांगते, तिथे सोबत लागते. कॅमेरा असतो, तरी पोरीजवळच्या माणसाच्या हातात एक बटण देतात. ती पडली, नुसती मान झुकली, तरी त्या क्षणी दाबायचं. मी एकटी दिवसरात्र डोळे ताणून बसू शकत नाही. ह्याचा," काकाकडे मान करून, "मला भरवसा नाही. आज एक दिवस बघितलं म्हणून तो लगेच बसत नाही."

"मी येतो," काका म्हणाला.

"ये. बॅगा उचल."

ती खोलीत गेली. आजोबा फोमवरच बसून राहिले होते, विखुरलेली बटणं गोळा करत. आजीनं त्यांना हाक मारली, "अहो, ठरलंय ना मग? थांबायचं?" त्यांनी मान वर केली नाही. एवढ्या वर्षांत आजीला त्यांनी उत्तर दिलं नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते.

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. आईच्या हातातली ताटं काढून टेबलावर ठेवली. पाणी हिंदकळलं, हिंदकळू दे.

"बाबा, आई, ऐका. मला ओरडायचं नाहीये, पण आवाजच असा आहे."

"आत्ता नको," बाबा म्हणाले.

"आत्ताच. माझ्या लग्नाचं कारण सांगून गोटीचं औषध थांबवायचं नाही. ते कारण माझं आहे ना? मग मी ते देत नाही. कुणालाच. आजीला वापरायचं असेल तर तिनं दुसरं शोधावं."

"तुला कळत नाही अजून—"

"मला काय कळत नाही ते दहावीच्या निकालात कळेलच. पण गोटी पडते ते मला कळतं. आज सगळ्यांच्या आधी मला दिसलं." आईनं पुन्हा ताटांकडे हात नेला, मी ती लांब सरकवली. "उद्या मी काकूबरोबर इस्पितळात जाणार. जितके दिवस ठेवतील तितके. शाळा बुडेल, बुडू दे, अभ्यास तिथे करीन. पहारेकऱ्यानं ओळखलं तर त्याला नमस्कार करीन, आणि कुणाला आणलंय विचारलं तर सांगीन, बहिणीला, तिला अपस्मार आहे. रात्री काकू झोपेल, मी जागीन. मी डोळे मिटणार नाही. बटण माझ्या हातात असणार आहे, बाबा. ते मी दाबणार."